ट्रॅक्टरच्या घडीच्या कमानीची पिन : घट्ट होणे, खडखडणे आणि त्यावरील उपाय

प्रास्ताविक

छोट्या ट्रॅक्टरवर चालकाच्या आसनामागे लोखंडी चौकोनी नळीची उलट्या 'यू' आकाराची एक कमान उभी असते. इंग्रजीतून आलेले तिचे नाव 'रोल बार' असे आहे. ट्रॅक्टर उलटलाच तर त्याचे वजन चालकाच्या अंगावर न येता या कमानीवर यावे, एवढ्याच कामासाठी ती बसवलेली असते. अनेक छोट्या ट्रॅक्टरवर ही कमान मधोमध बिजागरीवर दुमडता येते. उभी कमान जागेवर धरून ठेवण्याचे काम दोन्ही बाजूंच्या दोन पिना करतात. या पिनांविषयी चालकांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, पिन इतकी घट्ट बसते की हातोडीशिवाय निघत नाही. दुसरी, पिन इतकी ढिली असते की ट्रॅक्टर चालू असताना कमान सतत खडखडते.

दोन्ही तक्रारी वरवर किरकोळ वाटतात. पण त्यांचे परिणाम सारखे नाहीत. खडखडणारी पिन कानाला त्रास देते, तर घट्ट बसलेली पिन माणसाला कमान दुमडलेलीच ठेवण्याची सवय लावते, आणि दुमडलेली कमान कोणाचाही जीव वाचवू शकत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी या पिनेचे नेमके काम काय आणि बिघाड का होतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात त्याच क्रमाने विवेचन केले आहे.

कमानीची पूर्वपीठिका

ट्रॅक्टर उलटून चालक दगावण्याचे प्रमाण यांत्रिक शेती रुजलेल्या सर्वच देशांत मोठे होते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला आणि पुढील दशकांत तेथे उलटण्यामुळे होणारे मृत्यू झपाट्याने घटले. अमेरिकेत १९७६ पासून, पगारी नोकर चालवीत असलेल्या २० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या शेती ट्रॅक्टरना हा नियम लागू झाला. १९८५ पासून तेथील उत्पादकांनी २० अश्वशक्तीवरील नव्या शेती ट्रॅक्टरवर तो आपणहून बसवण्यास सुरुवात केली.

याच काळात छोट्या ट्रॅक्टरचा प्रसार होत होता. जपानच्या कुबोटा कंपनीने १९६९ मध्ये आपला २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेत विक्रीस नेला. पुढे कोरियन कंपन्या आणि १९९४ पासून भारतातील महिंद्रा कंपनीही त्या बाजारात उतरली. हे ट्रॅक्टर बागेत, फळझाडांखाली, गोठ्यात आणि घराशेजारच्या शेडमध्ये वावरणारे होते. अमेरिकन घरांच्या गॅरेजचा दरवाजा साधारणपणे ७ फूट उंचीचा असतो आणि उभी कमान बहुधा त्याहून उंच जाते. फळबागेतील फांद्या तर आणखी खाली असतात. त्यामुळे कायमची उभी कमान अडचणीची ठरू लागली आणि घडीच्या कमानीचा मार्ग निघाला.

सोय झाली, पण तिच्याबरोबर एक धोकाही आला. दरवाजातून बाहेर पडल्यावर कमान पुन्हा उभी करणे हे आता चालकाच्या हाती राहिले. इटलीसारख्या द्राक्षमळ्यांच्या देशात, ट्रॅक्टरला कमान असूनही ती दुमडलेली असल्यामुळे चालक दगावल्याच्या घटना वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षाविषयक राष्ट्रीय संस्थेने तर एरवी खाली राहणारी आणि ट्रॅक्टर उलटू लागताच स्प्रिंगच्या जोरावर आपोआप वर येणारी कमान बनवून तिच्या चाचण्या घेतल्या. कमान उचलण्यास हाताला किती जोर लागावा यावर अरुंद ट्रॅक्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमांत आता मर्यादा घातलेली आहे. माणूस अवघड काम टाळतो, हे या सर्व प्रयत्नांमागील साधे गृहीतक आहे.

रचना आणि पिनेचे काम

कमानीचे दोन भाग असतात. खालचे दोन खांब मागील आसाच्या घराला जाड बोल्टांनी पक्के केलेले असतात. वरची कमान या खांबांच्या टोकांशी बिजागरीच्या बोल्टावर फिरते. बिजागरीपासून काही सेंटिमीटर अंतरावर दुसरे भोक असते. कमान उभी केली की खांबाच्या पट्टीतील आणि कमानीच्या पायातील भोके एका रेषेत येतात आणि त्यांतून पिन आरपार जाते. पिनेच्या दुसऱ्या टोकाला तारेची क्लिप लावतात, म्हणजे ती हादऱ्याने बाहेर सरकत नाही. जुवाला जशी शिवळ, तशी ही पिन असते. आकाराने लहान, पण ती नसेल तर बाकी सारे असून नसल्यासारखे.

येथे तरफेचे एक साधे गणित लक्षात घ्यावे लागते. उदाहरणादाखल असे समजू की, कमानीचा वरचा भाग २० किलो वजनाचा आहे, त्याची लांबी बिजागरीपासून ९० सें.मी. आहे, गुरुत्वमध्य ६० सें.मी. अंतरावर आहे आणि पिन बिजागरीपासून ६ सें.मी. अंतरावर आहे. कमान आडवी असून तिचा सर्व भार पिनांवरच असेल, तर २० गुणिले ६० भागिले ६, म्हणजे २०० किलोचा दाब दोन पिनांवर मिळून पडतो. प्रत्येक पिनेच्या वाट्याला १०० किलो येतात. अशी दाबलेली पिन ओढून निघत नाही यात नवल नाही. तीच कमान वरच्या टोकाला हाताने उचलून धरली, तर सुमारे साडेतेरा किलोचा जोर पुरतो आणि पिनेवरचा दाब जवळजवळ शून्य होतो. याचा अर्थ असा की, पिनेशी झटणाऱ्या हातापेक्षा कमानीच्या टोकाला आधार देणारा हात पंधरा पट प्रभावी असतो.

हेच गणित खडखडण्यालाही लागू पडते. पिन आणि भोक यांच्यात सगळी मिळून १ मि.मी. फट असेल, तर कमानीच्या टोकाला ती १५ मि.मी. हालचाल होऊन दिसते. म्हणजे टोक थोडे हलले म्हणून पिन झिजलीच असे मानण्याचे कारण नाही. पिन हाताने काढता-घालता यावी यासाठी थोडी फट निर्मात्याने मुद्दामच ठेवलेली असते.

पिन घट्ट होण्याची कारणे

पहिले कारण वर आलेच आहे, ते म्हणजे कमानीचा भार पिनेवर असणे. ट्रॅक्टर उतारावर उभा असेल, तर उभ्या कमानीचाही भार थोडा एका बाजूला जातो.

दुसरे कारण रंग. नव्या ट्रॅक्टरच्या भोकात रंगाचा थर शिरलेला असतो. भोकाच्या कडेला ०.१ मि.मी. थर असला तरी व्यास ०.२ मि.मी. ने कमी होतो. पिनेला हात लावताच पहिल्या दिवसापासून ती अडकत असेल, तर बहुधा दोष रंगाचा असतो.

तिसरे कारण गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे पावसाळाभर न काढलेली पिन भोकात जणू चिकटते. भोकात साचलेली धूळ आणि वाळलेले ग्रीस यांचाही असाच परिणाम होतो.

चौथे कारण मागील 'उपचारां'चे असते. पिनेच्या टोकावर लोखंडी हातोडीने ठोकले की टोक छत्रीसारखे पसरते आणि मग तेच टोक भोकातून पार होत नाही. वाकलेली पिनही अशीच अडते.

पाचवे कारण भोके एका रेषेत न येणे. बिजागरीचा बोल्ट ढिला होऊन कमान खाली बसली असेल, खांबाचे बोल्ट असमान आवळले असतील किंवा कमानीला कशाची तरी धडक बसली असेल, तर असे घडते. हे कारण सर्वांत गंभीर समजावे, कारण त्यात दोष पिनेचा नसून सांगाड्याचा असतो.

घट्ट पिनेवर उपाय

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, मागील अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी आणि हातब्रेक लावावा. शक्यतो दोन माणसे असावीत. एकाने कमानीचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरावा. दुसऱ्याने क्लिप काढून पिन हलकेच गोल फिरवीत ओढावी. त्याच वेळी पहिल्याने कमान किंचित पुढे-मागे झुलवावी. ज्या क्षणी भार सुटतो त्या क्षणी पिन सहज सरकते. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते आणि 'घट्ट' म्हणून बदनाम झालेली पिन निर्दोष ठरते. दुसरी पिन निघताच कमान मोकळी होते, म्हणून तोपर्यंत धरलेला हात सोडू नये. बिजागरीच्या फटीत बोट जाणार नाही याचीही काळजी घ्यावी.

गंजलेल्या पिनेला गंज सोडवणारे तेल दोन्ही बाजूंनी लावून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी पान्याने पकडून आधी ती फिरते का हे पाहावे. फिरली की निघते. ठोकावेच लागले तर पिनेवर लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा ठेवून हलक्या हाताने ठोकावे.

पिन निघाल्यावर ती आणि चारही भोके डिझेलने पुसून काढावीत. भोकातील गंज आणि रंग गोल तारेच्या ब्रशने किंवा बोटाभोवती गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने काढावा. पिनेवरची खरही पॉलिश पेपरनेच घालवावी. पसरलेल्या टोकाची फक्त बाहेर आलेली कड कानशीने उतरवावी. येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी लागते. काढायचा तो गंज, रंग आणि खर. मूळ लोखंड घासून पिन बारीक करायची नाही आणि ड्रिल घालून भोक मोठे करायचे नाही. शेवटी पिनेला ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि जादा ग्रीस पुसून टाकावे, कारण जाड थरावर धूळ बसून काही महिन्यांत पुन्हा तीच अडचण उभी राहते. धुळीच्या कामासाठी ग्रॅफाइटसारखे कोरडे वंगण अधिक सोयीचे पडते.

स्वच्छतेनंतरही पिन अडतच असेल, तर भोके एका रेषेत येतात का हे पिन न घालता डोळ्यांनी पाहावे. बिजागरीचा आणि खांबाचा बोल्ट निर्मात्याच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने तपासावा. तरीही रेषा जुळत नसेल तर कमान वाकलेली आहे असे समजून अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे जावे.

पिन खडखडण्याची कारणे आणि उपाय

प्रथम आवाज कोठून येतो हे ठरवावे. इंजिन बंद ठेवून कमानीचे टोक हाताने हलवावे आणि दुसरा हात आळीपाळीने पिन, क्लिप, बिजागरी आणि खांबाचा पाया यांवर ठेवावा. जेथे ठोका हाताला जाणवतो तेथे दोष असतो. कित्येकदा खडखडते ती नुसती क्लिप किंवा पिनेला बांधलेली साखळी. साखळीऐवजी प्लास्टिकचे वेष्टण असलेली तार लावली की आवाज थांबतो.

खांबाचा पाया हलत असेल तर इतर सर्व बाजूला ठेवून तो प्रथम पक्का करावा. ढिल्या पायावर उभी असलेली कमान ही केवळ आवाजाची बाब नव्हे.

बिजागरीचा बोल्ट ढिला असेल तर तो पुस्तिकेप्रमाणे आवळावा. तो वाजवीपेक्षा जास्त आवळला तर कमान उचलणे जड होते आणि आपण पुन्हा पहिल्या तक्रारीकडे येतो. म्हणून आवळल्यानंतर कमान एकट्याला उचलता येते का, हे पाहणे आवश्यक आहे. बोल्टाजवळचे वॉशर किंवा बुश झिजले असतील तर त्याच मापाचे नवे घालावेत.

काही ट्रॅक्टरवर पिनेजवळ कमानीला बाजूने दाबून धरणारा बोल्ट आणि चेक नट दिलेला असतो, तर काहींवर रबरी ठोकळा असतो. बोल्ट आटे खाऊन मागे सरला किंवा रबर झिजून गळून पडले की कमान वाजू लागते. चेक नट ढिला करून बोल्ट कमानीला नुकताच टेकेल इतका फिरवावा आणि चेक नट पुन्हा पक्का करावा. रबर मात्र मूळचेच आणावे.

पिन झिजली आहे की नाही याचा निर्णय व्हर्निअर कॅलिपरने करावा. पिनेचा व्यास तिच्या न झिजलेल्या भागावर आणि भोकात बसणाऱ्या भागावर असा दोन ठिकाणी मोजावा. दोन्हींत स्पष्ट फरक असेल किंवा पिनेवर बोटाला लागेल अशी खाच पडली असेल, तर पिन बदलावी. पिन ठीक असून भोकच लांबट झाले असेल, तर तो भाग बदलण्यावाचून उपाय नाही.

सर्व माप योग्य असूनही आवाज राहतो, तेव्हा तो नैसर्गिक फटीचा असतो. पिनेच्या डोक्याखाली नायलॉनचा किंवा रबरी वॉशर घातल्यास तो बराच दबतो. मात्र अशा वॉशरमुळे पिन अपुरी आत जाऊन क्लिपचे भोक झाकले जाता कामा नये. क्लिप पूर्ण बसत नसेल तर वॉशर काढून टाकावा आणि आवाज सहन करावा.

जे उपाय करू नयेत

आवाज कायमचा घालवण्यासाठी पिन किंवा कमान वेल्डिंग करून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. तो घातक आहे. अपघाताच्या वेळी कमानीचे पोलाद ठरावीक प्रमाणात वाकून धक्का पचवते, आणि तिची चाचणी त्या गुणासाठीच झालेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि नेमक्या त्याच जागी ते तडकू शकते. घट्ट पिन सोडवण्यासाठी गॅसची ज्योत देण्यालाही हाच आक्षेप आहे. कमानीत नवे भोक पाडणे, वाकलेली कमान ठोकून सरळ करणे आणि एकदा ट्रॅक्टर उलटल्यानंतर तीच कमान पुन्हा वापरणे हेही याच वर्गात मोडते.

दुसरी चूक हरवलेल्या पिनेच्या जागी हाताला येईल तो बोल्ट घालण्याची. बोल्टाच्या डोक्यावरील ४.६ आणि ८.८ हे आकडे त्याची प्रत सांगतात. ४.६ प्रतीच्या बोल्टाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० न्यूटन, तर ८.८ प्रतीच्या बोल्टाची सुमारे ८०० न्यूटन असते. दोन्ही बोल्ट दिसायला सारखेच, पण एकाचे बळ दुसऱ्याच्या निम्मे. शिवाय आटे पडलेला भाग भोकात आल्यास बोल्ट त्या खाचेत लवकर तुटतो. म्हणून मूळ भाग-क्रमांकाची पिन मागवणे हाच एक मार्ग आहे.

कमान आणि आसनपट्टा

पिन दुरुस्त झाल्यावरही एक नियम चालकाने जाणून घेतला पाहिजे. कमान उभी असेल तर आसनपट्टा बांधायचा, कारण पट्ट्यामुळेच चालक कमानीच्या सुरक्षित क्षेत्रात राहतो. कमान दुमडलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण तेव्हा पट्टा त्याला उलटणाऱ्या यंत्राशी जखडून ठेवतो. दुमडलेली कमान केवळ कमी उंचीच्या जागेत, सपाट जमिनीवर आणि मंद गतीने चालण्यापुरतीच असावी. मागच्या बाजूला उलटणारा ट्रॅक्टर साधारण दीड सेकंदात पूर्ण उलटतो, आणि पाऊण सेकंदानंतर तो सावरता येण्याच्या पलीकडे गेलेला असतो. एवढ्या वेळात कमान उभी करणे कोणालाही शक्य नाही. ती आधीच उभी असावी लागते.

समारोप

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि सीमेपलीकडे विजयपूर भागातही छोटे ट्रॅक्टर ओळींमधून फिरत असतात. आपल्याकडे अजूनही असंख्य जुन्या ट्रॅक्टरना कमानच नाही. ज्यांच्याकडे घडीची कमान आहे, त्यांनी ती पिनेच्या हट्टापायी वर्षभर आडवी ठेवावी, यासारखे दुसरे नुकसान नाही.

'दुरुस्त' हा शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला. बरोबर, धड, निर्दोष असा त्याचा मूळ अर्थ आहे. या पिनेच्या बाबतीत तो अर्थ विसरता येत नाही. आवाज बंद झाला पण कमान उचलेना, तर ती दुरुस्ती नव्हे. पिन सहज निघू लागली पण ती घासून निम्मी झाली, तर तीही दुरुस्ती नव्हे. कोणतेही अवजार हाती न घेता एकट्या माणसाला कमान उभी करता यावी, पिन हाताने आत जावी, क्लिप पूर्ण बसावी आणि हे सर्व मिनिटाभरात व्हावे, एवढी परीक्षा उतरली की पिन दुरुस्त झाली असे म्हणता येईल. त्यानंतर कमान थोडी वाजत राहिली तरी हरकत नाही. ती वाजते आहे याचा अर्थ निदान ती उभी आहे.